सोयाबीनचं बियाणं ठरवताना : सगळं रान एकाच वाणाखाली नको

आमच्या सर्व शेतकरी ग्राहकांस नमस्कार.

निपाणी, चिकोडी, अथणी भागात खरिपाला सोयाबीन घेणाऱ्यांना तांबेरा हा बुरशीचा रोग नवा नाही. ढगाळ, भिजकी हवा टिकली की तो खालच्या पानांपासून सुरू होतो. पान उलटून बघा. बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतील आणि पुसल्यावर बोटाला तांबूस पूड लागेल. पुढे पानं अवेळी गळतात, दाणा पोसत नाही. आपल्या उगार खुर्दला तर नवे वाण तांबेऱ्यापुढे टिकतात का, हे मुद्दाम तपासलं जातं, इतका तिथे त्याचा जोर असतो.

जेएस ३३५ हा सोयाबीनचा वाण लवकर येतो, ओळखीचा आहे, म्हणून ज्याने त्याने तोच पेरला. एकेकट्याचा हिशेब बरोबरच. पण तांबेऱ्याला बळी पडणारा एकच वाण शिवारभर असला की वाऱ्यावर आलेल्या बुरशीला अडवायला काहीच राहत नाही. मग औषध, पंप, मजुरी, सगळ्यांची एकाच वेळी धावपळ. बियाणं घेताना हा खर्च कुणी धरत नाही. अमेरिकेत १९७० साली हेच मक्यात घडलं. सुमारे ८५ टक्के संकरित मका एकाच मादी वंशाचा होता. करपा या बुरशीच्या रोगाने देशाचं जवळपास १५ टक्के पीक नेलं, नुकसान सुमारे १०० कोटी डॉलरचं.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर असल्याचा आपल्याला फायदा आहे. धारवाड विद्यापीठाचा डीएसबी २१ आणि राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचा फुले संगम, दोन्ही तांबेऱ्याला दाद देत नाहीत. संगम थोडा उशिरा निघतो, तेव्हा मागे शाळू किंवा हरभरा करणाऱ्यांनी तारखा आधी जुळवाव्यात. मात्र उद्या सगळे एकट्या संगमच्या मागे लागले तर आमच्या मते तोही धोकाच आहे. बुरशी बदलते, आज टिकणारा वाण कायम टिकेलच असं नाही. चार एकर असतील तर दोन वाण घ्या. काढणी, मळणी आणि पोती मात्र वेगळी ठेवा.

हे सरळ वाण आहेत, म्हणजे संकरित नाहीत, दरवर्षी आमच्याकडून नवी पिशवी घ्यायलाच हवी असं नाही. मळणीयंत्राचा वेग कमी ठेवून, पोत्यांची उंच थप्पी न लावता घरचं बियाणं राखा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघा, सत्तर उगवले तर चालेल. जमत नसेल तर पाव किलो दुकानात आणा, उगवण मोफत तपासून देऊ. येताना बांधाशेजारच्याने यंदा कोणता वाण धरलाय तेवढं विचारून या, म्हणजे तुमचा दुसरा वाण ठरवायला सोपं जाईल.