गावच्या जंगलाचा कारभार गावाकडे: सामूहिक वनसंसाधन हक्काचा दावा कसा करायचा

अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यात पायविहीर हे कोरकू गाव आहे. वनहक्क कायदा, 2006 खाली 2012 मध्ये शेजारच्या उजाड टेकडीचा सामूहिक वनसंसाधन हक्क, म्हणजे तिथलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क, गावाला मिळाला. गावाने जंगल राखलं, झाडं लावली. तिथली सीताफळं आता ग्रामसभा विकते. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, अशा गावांनी हा दावा करायलाच हवा.

पात्र कोण? जंगलावर उपजीविका असलेले आदिवासी, तसंच 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथे राहणारे इतर पारंपरिक वननिवासी. दावा ग्रामसभेचा असतो, एकट्यादुकट्याचा नाही.

आधी ग्रामसभेने 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडायची. एक तृतीयांश महिला हव्यातच; गावात आदिवासी असतील तर दोन तृतीयांश सदस्य त्यांच्यातले. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे त्याच बैठकीत घ्या. नंतर घरोघरी वही फिरवली की दावा कच्चा राहतो.

अर्ज ‘फॉर्म सी’ मध्ये करा, तो फुकट मिळतो. पुष्कळ गावं फक्त ‘फॉर्म बी’ भरतात. त्याने चराई, गौण वनोपज (मोह, डिंक यांसारखा लाकूड सोडून जंगलाचा माल) असे हक्क मिळतात, पण जंगल राखण्याचा आणि त्याच्या व्यवस्थापनाचा हक्क ‘सी’ नेच मिळतो.

पुरावे किमान दोन. जुने नकाशे, गॅझेटियर, वनविभागाची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा), पूर्व विदर्भात निस्तारपत्रक (गावाच्या चराई-सरपणासारख्या हक्कांची जुनी सरकारी नोंद). कागद नसला तरी हातपाय गाळू नका. म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, जुनी विहीर, देवराई, मसणवटाही चालतो. एकाच प्रकारच्या कागदासाठी अडून बसायचं नाही, असं नियमच सांगतो.

खरं काम शिवारफेरीचं. जाणती माणसं पुढे घाला. गुरं कुठल्या नाल्यावर पाणी पितात, डिंक कुठे काढतात, मोहाची झाडं कुठवर आपली, हे ती काठीने दाखवतील. तिथल्या तिथे नकाशावर उतरवा. शेजारच्या गावालाही बोलवा, हद्दीचा वाद तिथेच मिटतो. वन आणि महसूल खात्याला लेखी कळवून पोच ठेवा. ते आले नाहीत आणि पुढे हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही गैरहजर राहिले तर पडताळणीवर ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

ठरावासह दावा प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागा. नाकारल्याची कारणं लेखीच घ्या.