कोवळा मका व स्वीट कॉर्न : घरगुती शाकाहारी स्वयंपाक

मक्याचे कणीस दाण्यात दुधासारखा चीक भरलेला असतानाच तोडून त्यापासून केलेल्या पदार्थांची ही नोंद आहे. या अवस्थेतला मका स्वयंपाकघरात भाजीसारखा वापरला जातो. पुढे दाणा सुकला की त्याचे धान्य होते. मग पंजाबातली मक्याची रोटी, सातपुड्यातल्या आदिवासी घरांतली मक्याची भाकरी, झाबुआ-दाहोद भागात पानांत लपेटून गोवऱ्यांवर भाजलेले पानिये हे सगळे पदार्थ पिठाचे होतात आणि त्यांची पाकपरंपरा वेगळी आहे. महाराष्ट्रात कोवळ्या कणसाला कणीस, बुट्टा, भुट्टा किंवा नुसते मका म्हणतात. गोड दाण्याच्या वाणाला बाजारात स्वीट कॉर्न अथवा अमेरिकन मका आणि शेतीविषयक लिखाणात मधुमका हे नाव आहे.

देशी आणि गोड

घरी आणलेले कणीस देशी आहे की गोड, यावर जवळजवळ प्रत्येक पदार्थाची रीत अवलंबून असते. साध्या मक्याच्या दाण्यात वाढीबरोबर साखरेचे पिष्ट, म्हणजे स्टार्च, होत जाते. गोड मक्यात जनुकीय बदलामुळे ही प्रक्रिया अर्धवट राहते आणि साखर दाण्यातच साठते. असे बदल एकाहून अधिक आहेत. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात दाणा मऊ, सायीसारखा लागतो, पण तोडल्यानंतर त्याची गोडी झपाट्याने उतरते. दुसऱ्या प्रकारात साखर बरीच जास्त असते आणि ती काही दिवस टिकते. हे दाणे सुकले की सुरकुततात. या अतिगोड प्रकाराचा उपयोग इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात ध्यानात आणून दिला आणि त्यानंतर आलेल्या संकरित वाणांनी जगभरची बाजारपेठ व्यापली. भारतात हैदराबादच्या कृषी संशोधकांनी 'माधुरी' आणि 'प्रिया' हे गोड मक्याचे वाण दिले.

स्वयंपाकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की देशी कणसाचा कीस आपोआप दाट होतो, त्याला बांधणी असते आणि चव सौम्य असते. स्वीट कॉर्नचा कीस पातळ सुटतो, मिळून यायला वेळ घेतो, साखरेमुळे कढईच्या तळाला लवकर लागतो आणि त्याच्या गोडीला तिखट, आंबट, खारट यांचा जोर द्यावा लागतो. जुन्या घरगुती कृती देशी मक्यावर बेतलेल्या आहेत. त्या तशाच्या तशा स्वीट कॉर्नला लावल्या तर पदार्थ गोडमिट्ट आणि चिकट होतो, आणि दोष मात्र कृतीला दिला जातो.

आगमन

मक्याची लागवड सुमारे ९,००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत, तेओसिंटे नावाच्या रानगवतापासून सुरू झाली. भारतात मका सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मार्फत आला असे सर्वसाधारणपणे मानतात. कर्नाटकातील सोमनाथपूर येथील तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरात काही मूर्तींच्या हातात मक्याची कणसे आहेत, असा दावा विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला होता. मात्र बहुतेक अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही. मिरची आणि शेंगदाणाही मुळात अमेरिका खंडांतले. त्यामुळे कणसाचा शेंगदाण्याच्या कुटातला झणझणीत रस्सा अस्सल गावरान वाटत असला, तरी त्यातले तीन मुख्य घटक समुद्रापलीकडून आलेले आहेत.

महाराष्ट्रात नाशिक, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलढाणा, अहिल्यानगर हे जिल्हे मक्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथले बहुतेक पीक कोंबडीखाद्य आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे जाते. जून-जुलैत पेरलेल्या खरीप मक्याची कोवळी कणसे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे श्रावण-भाद्रपदात हाती येतात. हा काळ चातुर्मासाचा असल्याने अनेक घरांत कांदा-लसूण बंद असतो. कोवळ्या मक्याच्या कितीतरी मराठी कृती हिंग, जिरे, आले, मिरची आणि ओले खोबरे एवढ्यावरच उभ्या आहेत, त्यांचा या मोसमाशी चांगला मेळ बसतो. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या आणि चातुर्मासात पालेभाज्याही टाळणाऱ्या जैन घरांतही मक्याला म्हणूनच मोठे स्थान आहे. मात्र मका धान्यात मोडत असल्याने उपवासाला तो बहुतेक घरांत चालत नाही.

कणसाची पारख

कणसाची पाती हिरवी आणि घट्ट असावीत, केस टोकाला तपकिरी होऊन सुकलेले असावेत. दाण्याला नख लावल्यावर दुधासारखा रस उडाला तर कणीस नेमके तयार झालेले असते. रस पाण्यासारखा असेल तर कणीस कच्चे, आणि रसाऐवजी पिठूळ गर लागला तर ते जून. गोड मक्यात केस बाहेर पडल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांत ही वेळ येते आणि लवकरच निघूनही जाते. तोडलेले कणीस उन्हात किंवा उबेत राहिले तर साखरेचे पिष्ट होत राहते. त्यामुळे पाती न काढता ते थंडाव्यात ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर शिजवावे. दाणे उघडे दिसावेत म्हणून सोलून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून विकायला ठेवलेली कणसे दिसायला आकर्षक असली तरी पातीसकट घेतलेल्या कणसाची सर त्यांना येत नाही.

कीस

कोवळ्या मक्याचा सर्वांत समृद्ध घरगुती पदार्थ म्हणजे कीस. माळव्यात, विशेषतः इंदूरमध्ये, 'भुट्टे का कीस' घरोघरी होतो आणि तिथल्या सराफा बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीतही तो मिळतो. गुजराती घरांत याच्याच जवळचा 'मकाईनो चेवडो' आहे. नावात चेवडो असला तरी तो कोरडा नसून ओलसर, चमच्याने खायचा असतो. महाराष्ट्रात यालाच मक्याचा उपमा म्हणतात. या तिन्ही पदार्थांचा आत्मा किसणीत आहे. कणीस किसणीवर धरून किसले की दाण्यातला चीक आणि गर खाली पडतो, आणि चिवट साल बरीचशी दांड्यालाच चिकटून राहते. मिक्सरमध्ये दाणे फिरवले तर साल बारीक होऊन त्यात मिसळते, कीस चरचरीत लागतो. वेळ वाचतो हे खरे, पण ज्या मऊपणासाठी हा पदार्थ करायचा तोच हरवतो.

चार मध्यम देशी कणसांच्या किसाला दोन टेबलचमचे तूप लागते, कमी घातले तर कीस गोळा होऊन बसतो. तुपात मोहरी, जिरे, हिंग, बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, आले आणि चिमूटभर हळद घालून कीस मंद आचेवर परतायचा. सुरुवातीला तो चिकट दिसतो. कच्चा वास जाऊन रंग गडद होईपर्यंत आणि कडेने तूप सुटू लागेपर्यंत उलथने थांबवायचे नाही. मग वाटीभर गरम दूध थोडे थोडे घालून झाकण ठेवायचे. दुधाने दाणेदार कीस फुलतो. मीठ, चवीपुरती साखर घालावी. लिंबू मात्र कढई खाली उतरवल्यावरच पिळावे, नाहीतर दूध फाटते. वरून ओले खोबरे आणि कोथिंबीर.

हाच कीस स्वीट कॉर्नचा करायचा तर साखर पूर्ण वगळावी, दूध निम्मे करावे आणि मिरची वाढवावी. तळाला लागू नये म्हणून जाड बुडाची कढई हवी. कीस मिळून येत नसेल तर फोडणीत चमचाभर रवा किंवा बेसन आधी भाजून घेतात. हा उपाय रास्त आहे, फक्त प्रमाण वाढले की मक्याची चव मागे पडते.

रस्सा, उसळ, भजी

कणसाचा रस्सा हा घाटावरच्या घरांतला भरघोस पदार्थ. कणसाचे दांड्यासकट दोन-दोन बोटांचे तुकडे करून ते हळद-मिठाच्या पाण्यात उकडतात. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि आले यांचे वाटण तेलात परतून त्यात कांदा-लसूण मसाला किंवा काळा मसाला आणि शेंगदाण्याचे कूट पडते. गोडा मसाला वापरणारी घरे त्यात आमसूल किंवा चिंचेचा कोळ घालतात. तुकडे उकडलेले पाणी फेकू नये, रश्शाला तेच घालावे, कारण दांड्याचा गोडसर अर्क त्यात उतरलेला असतो. दाणे काढल्यावर उरलेले दांडेही अर्धा तास उकळून त्या पाण्यात आमटी किंवा सूप करता येते. या रश्शाला स्वीट कॉर्न छान चालतो, कारण कुटाचा खमंगपणा आणि मसाल्याचा तिखटपणा गोडीला तोलून धरतात. पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांनी कणसाचे असेच तुकडे नारळाच्या दुधात शिजवून 'मकाई पाका' हा पदार्थ रूढ केला आणि तो पुढे त्यांच्याबरोबर ब्रिटन-कॅनडापर्यंत गेला.

नुसत्या दाण्यांची उसळ त्या मानाने सोपी: जिरे-हिंगाची फोडणी, मिरची, दाणे, पाण्याचा हबका, झाकण आणि शेवटी ओले खोबरे. स्वीट कॉर्नला यासाठी पाच-सात मिनिटे पुरतात. देशी दाणे जरा भरलेले असतील तर आधी कुकरमध्ये उकडून घ्यावे लागतात.

भज्यांच्या बाबतीत एक धोका सांगायलाच हवा. अख्खा दाणा गरम तेलात पडला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि तेल उडते. म्हणून दाणे भरड ठेचून घ्यायचे आणि ते बांधण्यापुरतेच बेसन व तांदळाची पिठी घालायची, वरून पाणी घालायचेच नाही. कोथिंबीर, मिरची आणि ओवा एवढे पुरे. लोणावळ्याच्या पावसाळी सहलीत मक्याची भजी आणि महाबळेश्वर-पाचगणीत कॉर्न पॅटीस हे ठरलेले खाणे झाले आहे, आणि तिथून ते पुन्हा घरच्या स्वयंपाकात शिरले. थालीपिठात मक्याचा कीस घालायचा तर ज्वारीचे पीठ, थोडे बेसन आणि तांदळाची पिठी यांत तो मावेल तेवढाच घ्यावा. किसाच्या ओलाव्यातच पीठ भिजते.

भाजणे आणि उकडणे

निखाऱ्यावर भाजायला देशी कणीसच उत्तम. त्याच्या घट्ट दाण्याला वरून चटका बसून आत खमंग, पिठूळ गोडवा येतो. स्वीट कॉर्नच्या पाणीदार दाण्याचे साल आगीवर आकसते आणि साखर लवकर करपते. म्हणून पावसाळ्यात गाडीवाले 'देशी की अमेरिकन' असे विचारून देशी कणीस निखाऱ्यावर ठेवतात आणि अमेरिकन उकळत्या पाण्यातून काढून देतात. घरी गॅसच्या आचेवर भाजताना कणीस सतत फिरवावे लागते. लिंबाच्या फोडीला तिखट-मीठ लावून ती गरम दाण्यांवर चोळायची रीत सगळीकडे सारखीच आहे.

हॉटेलकडून आलेले पदार्थ

कॉर्न-पालक, मका-मेथी-मलाई, कॉर्न पुलाव आणि भारतीय चिनी खाद्यपरंपरेतले स्वीट कॉर्न सूप हे पदार्थ घरात अलीकडे रुळले. दोन हजारच्या दशकात मॉलमध्ये लोणी, मसाला आणि लिंबू घातलेले वाफाळते दाणे कपातून मिळू लागले, तेव्हापासून मुलांच्या डब्यातही स्वीट कॉर्नची ये-जा वाढली. यांतला कॉर्न-पालक मनापासून घरी करण्याजोगा आहे, कारण पालकाचा किंचित तुरटपणा दाण्याच्या गोडीला उठाव देतो. मलई आणि काजूची पेस्ट ओतून केलेल्या भाज्यांत मात्र गोडावर गोड चढते. तिथे मलईऐवजी घोटलेले आंबट दही किंवा टोमॅटो घेतल्यास भाजी कितीतरी चांगली होते.

गोडाचे पदार्थ थोडे आहेत. राजस्थानात मेवाडकडे कोवळा मका तुपात परतून, दूध-साखर घालून 'जाजरिया' करतात. महाराष्ट्रात किसाची खीर होते. तिला देशी कणीस घेतले तर दाटपणा येतो, स्वीट कॉर्न घेतले तर साखर जवळपास लागत नाही.

पोषण

कच्च्या स्वीट कॉर्नमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. १०० ग्रॅम दाण्यांतून साधारण ८६ कॅलरी, १९ ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. पिवळ्या दाण्यात ल्युटीन आणि झिॲझँथिन ही रंगद्रव्ये असतात. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी पडतात. डाळीत लायसिन भरपूर असल्याने मका आणि डाळ किंवा बेसन एकत्र येणे आहाराच्या दृष्टीने हिताचे ठरते. मधुमेह असणाऱ्यांनी स्वीट कॉर्न पालेभाजीच्या हिशेबात न धरता पोळी-भाताच्या हिशेबात धरावे.

साठवण

मोसमात स्वस्त मिळालेली कणसे वर्षभर ठेवायची असतील तर ती उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकतात, निथळून दाणे काढतात आणि कापडावर कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवतात. कोरडे न करता भरले तर दाण्यांचा एकच गोळा होतो. परदेशातल्या मराठी घरांत, विशेषतः अमेरिकेत, उन्हाळ्यात ताजे स्वीट कॉर्न मुबलक असते, पण भारतातल्यासारखे कोवळे देशी कणीस सहसा मिळत नाही. तिथे कीस करताना गोठवलेले दाणे भरड वाटून त्यात थोडे मक्याचे पीठ मिसळतात, म्हणजे देशी कणसात असणारे पिष्ट बाहेरून भरून निघते. गोठवलेले दाणे आधी वितळू देऊ नयेत. ते थेट फोडणीत टाकावेत आणि पाणी आटेपर्यंत आच मोठी ठेवावी.