शिकागो कॉलेज ऑल-स्टार सामना

अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३४ ते १९७६ या काळात दर उन्हाळ्यात शिकागो येथे खेळवला जाणारा आणि आता बंद पडलेला प्रदर्शनीय सामना. आदल्या हंगामातील व्यावसायिक विजेता संघ एका बाजूला आणि नुकतेच महाविद्यालयीन खेळ संपवून बाहेर पडलेले देशभरातील निवडक खेळाडू दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी होती. आपल्याकडील इराणी करंडकात रणजी विजेत्यांसमोर शेष भारताचा संघ उतरतो, त्याची येथे आठवण होते. परंतु शिकागोच्या निवडक संघातील तरुणांनी तोवर एकही व्यावसायिक सामना खेळलेला नसे. एकूण ४२ सामन्यांपैकी ३१ व्यावसायिक संघांनी आणि ९ महाविद्यालयीन खेळाडूंनी जिंकले, तर दोन बरोबरीत सुटले. सामन्याचे उत्पन्न धर्मादाय कामासाठी दिले जात असे.

या सामन्याची कल्पना शिकागो ट्रिब्यून या दैनिकाचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांची. १९३३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी बेसबॉलमधील दोन प्रमुख लीगच्या निवडक खेळाडूंचा सामना कॉमिस्की पार्कवर घडवून आणला होता. तो इतका गाजला की दुसऱ्याच वर्षी त्यांनी फुटबॉलसाठी तसाच बेत आखला. त्यामागे वर्तमानपत्राचा खप वाढवण्याचा हेतू होता यात शंका नाही. तरी वॉर्ड यांनी लोकांच्या मनातला एक खरा प्रश्न अचूक हेरला होता, हे मान्य करावे लागते. त्या काळी फुटबॉल म्हणजे विद्यापीठांचा खेळ, अशीच सर्वसाधारण समजूत होती. १९२० साली स्थापन झालेली व्यावसायिक लीग, म्हणजे पुढील नॅशनल फुटबॉल लीग किंवा एनएफएल, अद्याप चाचपडत होती आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांकडे अनेक जण हलक्या नजरेने पाहत. पदवीबरोबर गणवेश उतरवून ठेवलेले उत्तमोत्तम खेळाडू एकत्र आणले, तर ते या धंदेवाईक संघाला सहज हरवतील की नाही, हा वाद केवळ मैदानावरच मिटण्यासारखा होता.

पहिला सामना ३१ ऑगस्ट १९३४ च्या रात्री सोल्जर फील्ड या विशाल मैदानावर झाला. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे स्मारक असलेल्या या मैदानाच्या दोन्ही बाजूंना ग्रीक पद्धतीच्या स्तंभांच्या रांगा आहेत. जॉर्ज हॅलस यांचा शिकागो बेअर्स हा संघ १९३३ चा विजेता होता. ७९,४३२ प्रेक्षकांसमोर दोन्ही संघ रात्रभर झुंजले आणि एकालाही एक गुणसुद्धा मिळाला नाही. गुणफलकावरील त्या दोन शून्यांनी वाद मिटण्याऐवजी अधिकच पेटला आणि सामना दरवर्षी व्हावा, हे जणू त्याच रात्री ठरून गेले. पुढच्या वर्षी बेअर्सनी ५–० असा निसटता विजय मिळवला. त्या पराभूत महाविद्यालयीन संघात मिशिगन विद्यापीठाचा जेराल्ड फोर्ड हा खेळाडू होता. त्याने व्यावसायिक संघांकडून आलेले प्रस्ताव नाकारून कायद्याचे शिक्षण घेतले आणि पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आरंभीच्या वर्षांत महाविद्यालयीन संघातील खेळाडू वाचकांच्या मतदानातून निवडले जात आणि प्रशिक्षकाची निवडही तशीच होई. निवडलेले खेळाडू काही आठवडे आधी एकत्र येत; पुढे हे सराव शिबिर शिकागोला लागून असलेल्या इव्हॅन्स्टन येथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात भरत असे. एकमेकांना कधी न भेटलेल्या आणि वेगवेगळ्या पद्धतींचे धडे गिरवलेल्या खेळाडूंचा इतक्या थोड्या अवधीत संघ बांधणे, हे प्रशिक्षकापुढील खरे आव्हान असे. फुटबॉलमध्ये प्रत्येक डावपेच अकरा जणांनी एकाच क्षणी, ठरल्या जागी उभे राहून पार पाडायचा असतो. त्यामुळे वैयक्तिक गुणवत्ता कितीही मोठी असली, तरी वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्या संघापुढे ती तोकडी पडण्याचा धोका सुरुवातीपासूनच होता.

तरीही पहिल्या १४ वर्षांत महाविद्यालयीन खेळाडूंनी पाच विजय मिळवले. १९३७ साली टेक्सासच्या सॅमी बॉ याने गेनेल टिन्सली याच्याकडे फेकलेल्या पासवर सामन्यातील एकमेव टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम क्षेत्रात नेऊन मिळवलेले सहा गुण) झाले आणि कर्ली लॅम्बो यांचा ग्रीन बे पॅकर्स संघ ६–० असा हरला. बॉ लगेच वॉशिंग्टन रेडस्किन्समध्ये दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात त्याने त्या संघाला लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्यामुळे १९३८ मध्ये तो याच सामन्यासाठी विरुद्ध बाजूकडून आला. त्या वर्षी रेडस्किन्स २८–१६ असे हरले आणि १९४३ मध्ये पुन्हा २७–७ असे हरले. युद्धकाळात दोन वर्षे सामना इव्हॅन्स्टनच्या डाइक स्टेडियमवर झाला, त्यांपैकी हा पहिला. त्यात ऑटो ग्रॅहम या नॉर्थवेस्टर्नच्याच खेळाडूने प्रतिस्पर्ध्यांचा पास मध्येच झेलला आणि जवळजवळ संपूर्ण मैदान, म्हणजे ९७ यार्ड, धावत जाऊन टचडाऊन केले. ग्रॅहमचा या सामन्याशी असलेला संबंध तेथे संपला नाही.

या सामन्याची जी बाजू सर्वांत मोलाची होती, तिची चर्चा मात्र विजय-पराभवाच्या हिशेबात मागे पडते. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, पण संघमालकांनी दार बंद ठेवले होते. निवडक महाविद्यालयीन संघात मात्र कृष्णवर्णीय खेळाडूंना स्थान मिळत असे आणि जे संघ त्यांना नोकरी देत नव्हते, त्याच संघांविरुद्ध ते भरल्या मैदानात खेळत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा केनी वॉशिंग्टन १९४० मध्ये खेळला. त्याच विद्यापीठाचा जॅकी रॉबिन्सन १९४१ मध्ये उतरला. तो सामना बेअर्सनी ३७–१३ असा जिंकला, पण ९८,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर रॉबिन्सनने पास झेलून टचडाऊन केले. हाच रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि त्याने मेजर लीग बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली. वॉशिंग्टनला व्यावसायिक फुटबॉलचे दार १९४६ मध्ये उघडले. तोवर त्याच्या उमेदीची सहा वर्षे वाया गेली होती. त्याला करारबद्ध करणाऱ्या लॉस एंजेलिस रॅम्सचा त्याच उन्हाळ्यात शिकागोत १६–० असा पराभव झाला. एका सामन्याने अन्याय दूर झाला असे म्हणता येणार नाही. परंतु कृष्णवर्णीय खेळाडूंमध्ये व्यावसायिक दर्जाची गुणवत्ता नाही, ही सबब तेथे हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत खोटी ठरत होती.

१९४७ चा सामना लोकप्रियतेच्या दृष्टीने कळस होता. १,०५,८४० प्रेक्षकांच्या विक्रमी गर्दीसमोर बेअर्सना आपल्याच शहरात १६–० असा मार खावा लागला. सामन्याचा मानकरी ठरला इलिनॉय विद्यापीठाचा बडी यंग. हा कृष्णवर्णीय खेळाडू जेमतेम सव्वापाच फूट उंचीचा, पण विलक्षण वेगवान होता.

वॉर्ड यांचे ९ जुलै १९५५ रोजी निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीच बेसबॉलचा निवडक सामना होता आणि त्यांच्या स्मरणार्थ तो उशिरा सुरू करण्यात आला. महिनाभराने शिकागोत महाविद्यालयीन खेळाडूंनी क्लीव्हलँड ब्राउन्सचा ३०–२७ असा पराभव केला. या विजेत्यांचे प्रशिक्षक होते लॅम्बो, म्हणजे १९३७ मध्ये याच सामन्यात हरलेले गृहस्थ. ब्राउन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा आणि आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, ऑटो ग्रॅहम तेव्हा निवृत्त झाला होता. हंगामापूर्वीची संघाची दुबळी कामगिरी पाहून त्याला परत बोलावण्यात आले आणि त्या वर्षीही ब्राउन्स विजेते ठरले. १९५८ पासून ग्रॅहम स्वतः महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने डेट्रॉइट लायन्सना ३५–१९ असे हरवून दाखवले.

१९६२ च्या सराव शिबिराची आठवण वेगळी आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाचा एर्नी डेव्हिस हा वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हाइझमन करंडक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ब्राउन्सशी त्याचा करार झाला होता. इव्हॅन्स्टन येथे सामन्याची तयारी करत असताना तो आजारी पडला, त्याला रुग्णालयात हलवावे लागले आणि तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. एकही व्यावसायिक सामना न खेळता १८ मे १९६३ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी महाविद्यालयीन खेळाडूंनी आपला शेवटचा विजय मिळवला. समोर लागोपाठ दोन वर्षे विजेता ठरलेला, व्हिन्स लोम्बार्डी यांचा ग्रीन बे पॅकर्स संघ होता. त्या काळी एवढा शिस्तबद्ध दुसरा संघ नव्हता. चौथ्या सत्रात ग्रॅहमचे शिष्य १३–१० असे पुढे होते, आणि इतकी निसटती आघाडी पॅकर्स एका फटक्यात उलटवतील असे कोणालाही वाटले असते. अशा वेळी रॉन व्हँडरकेलेन याने पॅट रिक्टरकडे पास फेकला. दोघेही विस्कॉन्सिन विद्यापीठाचे, म्हणजे पॅकर्सच्याच राज्यातले, आणि एकमेकांची चाल ओळखून असलेले. रिक्टरने चेंडू झेलला आणि तो धावत सुटला. ७४ यार्डांचे ते टचडाऊन झाले तेव्हा गुणफलकावर २०–१० असे आकडे होते. पॅकर्सनी अगदी अखेरीस एक टचडाऊन केले, पण वेळ उरला नव्हता. व्हँडरकेलेनला एनएफएलच्या एकाही संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, घेतले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे २०–१७ या निकालाची गोडी अधिक कळते.

पुढील १२ पैकी १२ सामने व्यावसायिक संघांनी जिंकले. न्यूयॉर्क जेट्सना १९६९ मध्ये २६–२४ असे झुंजवणे, एवढेच काय ते समाधान. दूरचित्रवाणीचा पैसा आणि १९६७ पासून सुरू झालेला सुपर बोल हा विजेतेपदाचा अंतिम सामना यांमुळे व्यावसायिक फुटबॉल देशातील सर्वांत मोठा खेळ झाला होता आणि श्रेष्ठ कोण, हा मूळ प्रश्नच उरला नव्हता. मात्र सामना बंद पडला तो केवळ एकतर्फी निकालांमुळे, असे समजणे अपुरे ठरेल. ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूवर संघ मोठी रक्कम खर्च करू लागले होते. असा खेळाडू नव्या संघाच्या शिबिराला मुकावा आणि ज्याचा लीगच्या हंगामाशी काही संबंध नाही अशा सामन्यात जायबंदी व्हावा, हे कोणत्याच प्रशिक्षकाला पटत नव्हते. खेळाडू जसे महाग झाले, तसा त्यांच्या विम्याचा खर्चही वाढत गेला. १९७४ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संपामुळे सामना रद्द करावा लागला. खंड पडला तो एवढाच. महायुद्धातही तो पडला नव्हता.

अखेरचा सामना २३ जुलै १९७६ रोजी झाला. पिट्सबर्ग स्टीलर्स हे विजेते, आणि महाविद्यालयीन संघाचे प्रशिक्षक एरा पार्सेगियन. तिसऱ्या सत्रात स्टीलर्स २४–० असे पुढे असताना विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळू लागला आणि कृत्रिम गवताच्या मैदानावर पाणी साचले. सत्र संपायला १ मिनिट २२ सेकंद उरली असताना दोन्ही संघांना आत पाठवण्यात आले. प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानात उतरले, पाण्यावरून घसरगुंडी खेळू लागले आणि त्यांनी गोलपोस्ट पाडले. सामना तेथेच थांबवण्यात आला आणि पुन्हा सुरू झाला नाही. त्या रात्री व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष होते जेराल्ड फोर्ड, १९३५ च्या संघातील खेळाडू.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सामना कायमचा बंद करत असल्याचे ट्रिब्यूनने जाहीर केले. टेक्सासमधील लबक येथे खेळवला जाणारा कोचेस ऑल-अमेरिका गेम हा महाविद्यालयीन खेळाडूंचा दुसरा उन्हाळी सामनाही १९७६ नंतर झाला नाही. ईस्ट-वेस्ट श्राइन बोल आणि सीनियर बोल हे निवडक खेळाडूंचे सामने आजही होतात, पण त्यांत महाविद्यालयीन खेळाडू आपसातच लढतात आणि व्यावसायिक संघांचे पारखी बाहेर बसून त्यांची जोखणी करतात. १९७७ च्या उन्हाळ्यात ड्राफ्टमधील खेळाडू इव्हॅन्स्टनला न थांबता थेट आपापल्या संघांच्या शिबिरांत गेले.