पीच आणि नेक्टरिन: फळ गेल्या वर्षीच्या काडीवर

पीचचे झाड आपली जवळजवळ सगळी फळे गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवर धरते, ही एक गोष्ट नीट उमगली की या झाडाची निम्मी निगा उमगते. सफरचंदाच्या आखूड फळफांद्या वर्षानुवर्षे फुलत राहतात; पीचच्या काडीला मात्र फळ धरण्याची संधी एकदाच मिळते.

पानगळ झाल्यावर अशी एक काडी हातात धरून पाहावी. साधारण पेन्सिलीच्या जाडीची, तांबूस सालीची ही काडी निरोगी असेल तर तिच्या पेरांवर ठिकठिकाणी तीन डोळे शेजारी शेजारी दिसतात. मधला निमुळता डोळा पानांचा असतो आणि त्यातून नवी फांदी फुटते. दोन्ही बाजूंचे गोलसर, लवदार डोळे फुलांचे असतात. फळे निघाल्यावर त्या जागी पुन्हा फूल येत नाही. छाटणीच केली नाही, तर फळधारणा दरवर्षी फांद्यांच्या टोकाकडे सरकते, आतल्या काड्या सावलीत वाळतात आणि काही वर्षांत झाड उंच, पण आतून उघडेबोडके होते. म्हणूनच तीन-चार मुख्य फांद्या ठेवून मध्यभाग मोकळा राखावा आणि हिवाळा सरताना, डोळे फुगू लागण्याच्या सुमारास, फळ देऊन गेलेल्या काड्या काढून नव्यांना ऊन मिळू द्यावे. इतकी कठोर छाटणी करताना हात अडखळतो, परंतु या झाडावर दया दाखवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय.

अर्थात, छाटणीच्याही आधी जातीची निवड येते. हिवाळ्यात सुप्तावस्थेत गेलेले डोळे ठरावीक काळ थंडी सोसल्याशिवाय नीट उमलत नाहीत. ही गरज साधारणपणे शून्य ते सात अंश सेल्सिअस तापमानाच्या तासांत मोजतात. काही जातींना दोनशेहून कमी तास पुरतात, तर काहींना हजाराच्या आसपास लागतात. थंडी अपुरी पडली तर फुलांचे डोळे गळतात आणि पालवी उशिरा व विस्कळीत फुटते. उलट, कमी थंडीची जात कडक हिवाळ्याच्या ठिकाणी लावली, तर ती लवकर फुलते आणि तिचा मोहर हिमकडाक्यात सापडतो. बहुतेक जाती स्वपरागणाने फळ धरतात, त्यामुळे लहान बागेत एकच झाड पुरते.

नेक्टरिन हे पीच आणि आलुबुखाऱ्याच्या संकरातून निर्माण झाले, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. दोन्ही ‘प्रुनस पर्सिका’ याच जातीची फळे असून सालीवरची लव असणे-नसणे एका जनुकावर अवलंबून असते. पीचच्या झाडावर एखादीच फांदी नेक्टरिनची निघाल्याची उदाहरणे चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये नोंदवली होती. लव नसल्यामुळे नेक्टरिनच्या सालीवर ओरखडे, तडे आणि तपकिरी कुजीचा प्रादुर्भाव तुलनेने अधिक होतो. एरवी दोघांची निगा सारखीच आहे.

जागा भरपूर उन्हाची आणि उत्तम निचऱ्याची हवी. पीचच्या मुळांत प्रुनासिन नावाचे संयुग असते. पाणी साचून मुळांना हवा मिळेनाशी झाली की त्याच्या विघटनातून हायड्रोजन सायनाइड तयार होऊन मुळे मरू शकतात. चिकण माती असेल, तर उंच वाफ्यावर लागवड करावी.

पाने जाड, लालसर आणि फोड आल्यासारखी वळू लागली, तर तो ‘टॅफ्रिना’ बुरशीचा पर्णगुच्छ रोग होय. लक्षणे दिसल्यावर फवारणीचा उपयोग होत नाही, कारण संसर्ग डोळे उमलतानाच झालेला असतो. ताम्रयुक्त बुरशीनाशक पानगळीनंतर आणि डोळे फुगण्यापूर्वी फवारावे लागते.

फळे अंगठ्याच्या पेराएवढी झाली की विरळणी करून दोन फळांत पंधरा ते वीस सेंटिमीटर अंतर ठेवावे. कोय कठीण होण्याआधी हे केल्यास उरलेली फळे चांगली पोसतात आणि फांद्या भाराने मोडत नाहीत. तोडणी मात्र लाल छटेवरून ठरवू नये. ती छटा मुख्यतः उन्हाने आणि जातीनुसार येते. देठाजवळचा हिरवा रंग जाऊन पिवळा किंवा दुधी झाला, म्हणजे फळ तयार झाले. पीचमध्ये पिष्टमयाचा साठा फारसा नसल्यामुळे कच्चे तोडलेले फळ घरात मऊ पडते, पण त्याची गोडी वाढत नाही.