फ्यूज उलटा बसवला तर आवाज बदलतो का?

हाय-फायच्या शौकिनांमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे. अँप्लिफायरच्या पाठीमागचा काचेचा फ्यूज काढून उलटा बसवला की म्हणे आवाज 'खुलतो'. काही महागड्या फ्यूजवर बाणही छापलेला असतो, आणि त्या बाणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात!

आता हा बाण दाखवतो तरी काय? आपल्या घरातली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे ती सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते. फ्यूजमधली तार तांब्याची, 0.1 मिमी जाडीची आणि प्रवाह 1 अँपिअर धरला, तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला जेमतेम 9 मिमी सरकतात. दिशा बदलायला 10 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्यांची सरक 0.1 मिमीसुद्धा भरत नाही. नळी असते 20 मिमी लांब. म्हणजे मधल्या तारेतले इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाला जातच नाहीत, जागच्या जागी मागेपुढे हलत राहतात.

यावर उत्तर येतं, तार ओढून बनवताना धातूचे स्फटिक एका बाजूला लांबतात. लांबतात, खरं आहे. पण त्यामुळे तार एका दिशेला वीज सहज सोडते आणि दुसऱ्या दिशेला अडवते असं होत नाही. तसं झालं असतं तर ती तार थोडाफार डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा भाग) ठरली असती आणि लहर एका अंगाला झुकून मूळच्या दुप्पट कंप्रतेचा सूर उमटला असता. दशलक्षात एक भाग इतकी भेसळ पकडणारी उपकरणं प्रयोगशाळेत असतात, त्यामुळे हा सूर लपून राहणं कठीण. शिवाय या फ्यूजनंतर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (मागेपुढे होणारी वीज एका दिशेची करणारा) आणि वीज साठवणारे मोठे कपॅसिटर येतात. स्पीकरला वीज मिळते ती कपॅसिटरमधून, थेट फ्यूजमधून नाही.

मग फरक ऐकू येतो तो खोटा का? ऐकणारा खोटं बोलत नाही. आवाज सुधारणार हे आधीच माहीत असलं की कान तेच शोधतो. फ्यूज कुठल्या बाजूने बसवलाय हे न सांगता ऐकवून बघा. काढ-घाल करताना फ्यूजच्या टोकांच्या धातूच्या टोप्यांवरचा गंज घासला जाऊन संपर्क सुधारू शकतो, पण ते फ्यूज होता तसाच परत बसवला तरी होईल. थेट स्पीकरच्या वाटेत फ्यूज असेल तर मात्र खर्जाच्या मोठ्या आवाजात तार तापते, तिचा रोध वरखाली होतो आणि आवाजातली विकृती खरोखर मोजता येते. तीही दोन्ही बाजूंनी सारखीच.

दिशा महत्त्वाची असते ती फ्यूजच्या होल्डरची. फिरकीच्या टोपीच्या होल्डरला फेजची तार आतल्या टोकाला जोडतात, म्हणजे टोपी काढताना बोटाला झटका बसत नाही. सोलर पॅनेलच्या काही डीसी एमसीबींवरही (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठीचे, प्रवाह वाढला की आपोआप पडणारे स्विच) + आणि − खुणा असतात. त्यांच्या आतलं चुंबक ठिणगीला ठरावीक बाजूला ढकलून विझवतं. उलट जोडली तर ठिणगी विझत नाही आणि एमसीबीच पेट घेऊ शकते.