महानगराचे आकर्षण (मुंबई)

महानगराचे आकर्षण : मोठ्या व नाना तऱ्हेच्या लोकांनी भरलेल्या शहराकडे माणसे आणि धंदे ओढले जाण्याची प्रक्रिया. एका धंद्यातले लोक जवळजवळ वसले, की कसबी कामगार, कच्चा माल, गिऱ्हाईक आणि धंद्यातल्या खाचाखोचा सगळ्यांनाच हाताशी येतात, हे अर्थशास्त्रज्ञ अल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्ये मांडले. जेन जेकब्ज या अमेरिकी लेखिकेने १९६० च्या दशकात त्याला जोड दिली : खरी बरकत एकाच धंद्याच्या गर्दीने येत नाही, निरनिराळे धंदे एकमेकांना खेटून असले म्हणजे येते. भारतात या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर मुंबईइतके चांगले उदाहरण नाही. मात्र मुंबईत सुरुवात वेगळ्याच गोष्टीने झाली. इथे माणसे आधी बोलावून आणावी लागली.

इंग्लंडच्या राजाने हे बेट १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले, तेव्हा त्यात हेवा करण्यासारखे एक बंदर सोडले तर फारसे काही नव्हते. दलदल, खाजण आणि रोगट हवा. इथे येणाऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच इंग्रजांत पडली होती. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिए (कारकीर्द १६६९–७७) याने व्यापाऱ्यांना ओढण्यासाठी पैसा नव्हे, हमी पुढे केली : आपापला धर्म पाळण्याची मोकळीक, न्यायालय आणि मालमत्तेला संरक्षण. दीवचा वाणी निमा पारख याने १६७७ मध्ये येण्यापूर्वी कंपनीकडून अटी मान्य करून घेतल्या. धर्माला धक्का लागू नये आणि आपल्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, अशा त्या होत्या. व्यापाऱ्याने जकातीच्या बरोबरीने शेजाराचीही घासाघीस करावी, ही बाब मुंबईच्या पुढच्या साडेतीनशे वर्षांची किल्ली आहे असे म्हणायला हरकत नाही. पारशांना मलबार टेकडीवर दखम्यासाठी (मृतदेह ठेवण्याच्या वास्तूसाठी) जागा मिळाली ती याच दशकात. १७३६ मध्ये सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया गोदी बांधायला आला आणि त्याच्या घराण्याने पुढे इंग्रजी आरमारासाठी जहाजे बांधली. सुरतेचे बंदर मागे पडत गेले, तसा तिथला माणूस आणि पैसा दक्षिणेकडे सरकला.

एकोणिसाव्या शतकात या गर्दीला यंत्राची जोड मिळाली. १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे रेल्वे धावली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढलेली कापडगिरणी दोन वर्षांत ताडदेवला सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आणला. युद्ध संपताच बाजार कोसळला आणि सट्टेवाले बुडाले, पण त्या तेजीतून उभे राहिलेले भराव, इमारती आणि दलालांची सवय मात्र शिल्लक राहिली. १८७५ मध्ये त्या दलालांनी आपला संघ स्थापला. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. गिरणीला यंत्रे दुरुस्त करणारे लागत, त्यांना शिकवायला १८८७ मध्ये तंत्रशिक्षण संस्था निघाली (आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था). गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी घाटात पाणी अडवले आणि १९१५ पासून खोपोलीची वीज शहरात आली. एका धंद्याची गरज हा दुसऱ्याचा जन्म, असा हा सिलसिला. दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाचा खेळ १९१३ मध्ये गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात झाला. पुढे हा धंदा इथेच फोफावला, कारण पारशी रंगभूमीचे नट, पडदे रंगवणारे, गुजराती–मारवाडी भांडवल आणि नाना भाषांचा प्रेक्षक हे सारे एकाच शहरात तयार होते.

हे आकर्षण प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर काळबादेवीपासून मशीद बंदरपर्यंत चालत जावे. झवेरी बाजारात सोने, मुळजी जेठा मार्केटात कापडाचा घाऊक व्यवहार, लोहार चाळीत विजेचे सामान, मशीद बंदरला मसाला आणि सुका मेवा. अनोळखी माणसाला प्रश्न पडतो, की एकच माल विकणारी शंभर दुकाने एका गल्लीत तग धरतात कशी? उत्तर दुकानाच्या दारात उभे राहिले की मिळते. गिऱ्हाईकाने मागितलेली वस्तू नसेल, तर मालक ‘नाही’ म्हणत नाही. पोऱ्याला शेजारच्या दुकानात पिटाळतो. गल्लीतली शंभर दुकाने मिळून एक दुकान असते. दलाल, हुंडी, आंगडिया (मौल्यवान माल विश्वासावर हातोहात पोचवणारा), हमाल हे सगळे त्या एका दुकानाचे नोकर. धारावीत चामडे, कुंभारकाम आणि भंगारातून प्लास्टिक वेगळे काढण्याचे उद्योग याच रीतीने एकमेकांना टेकून उभे आहेत.

माणसांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. माणूस ‘मुंबईला’ येत नसे, तो मुंबईतल्या कोणाकडे तरी येत असे. कोकणातून बोटीने उतरलेला तरुण गावच्या ओळखीने गिरणीतल्या जॉबरकडे (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाकडे) जाई, झोपायला गाववाल्यांच्या खोलीत आणि जेवायला गावाकडच्याच बाईच्या खानावळीत. बोटींवर खलाशी, आचारी म्हणून जाणाऱ्या गोंयकारांसाठी धोबीतलाव परिसरात गावोगावचे ‘कूड’ होते. दोन सफरींच्या मध्ये पेटी ठेवायला आणि पाठ टेकायला. घाटावरची माणसे गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहू लागली. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. १९११ च्या शिरगणतीत शहरातल्या दर पाच माणसांत जेमतेम एक जण मुंबईत जन्मलेला होता. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती. त्यात मराठी मातृभाषेचे लोक सुमारे ३५ टक्के होते आणि तरीही तोच सर्वांत मोठा गट होता.

या वैविध्याची स्तुती करताना लोक सहसा सणावारांपाशी थांबतात. त्याचे रोकडे रूप डब्यात दिसते. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचे काम संघटित केले. मावळ, खेड, जुन्नरकडचे लोक ते आजही करतात. हा धंदा मुंबईतच का रुजला? एकाच कचेरीत एकाला कांदा–लसूण चालत नाही, दुसऱ्याला मासळीशिवाय घास उतरत नाही, तिसऱ्याला पारशी धानसाक हवे. सगळ्यांना एकच जेवण चालले असते तर कचेरीच्या खाणावळीने काम भागले असते. वेगळेपणामुळे जी अडचण झाली, तिचा कोणीतरी रोजगार केला.

आपली माणसे भेटतात म्हणून मुंबई ओढते, हे झाले अर्धे. उरलेले अर्धे याच्या नेमके उलट आहे : आपल्या माणसांच्या नजरेतून सुटता येते म्हणूनही ती ओढते. गाव म्हणजे संकुचितपणाचे डबके, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत म्हणाले, ते परळच्या चाळीत राहिलेल्या माणसाचे मत होते. रेल्वेच्या डब्यात कोणाच्या खांद्याला कोणाचा खांदा लागला, हे विचारायला कोणाला फुरसत नसते. १९९२ पासून खास महिलांसाठी लोकल सुटू लागली आणि उपनगरातल्या बाईला नोकरीच्या ठिकाणाचे अंतर जरा कमी झाले. पण सुटका पुरी कधीच नव्हती. गिरण्यांच्या साचा खात्यात, म्हणजे मागांवर, पगार बरा मिळे. तिथे दलितांना येऊ देत नसत, कारण मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि सवर्ण कामगार त्यात विटाळ मानत. निमा पारखने मागितलेला शेजार निवडण्याचा हक्कही आजच्या काही गृहनिर्माण संस्थांत, मांसाहारी किंवा अमुक धर्माचा भाडेकरू नको, अशा रूपात चालू आहे. फरक इतकाच, की तेव्हा तो पाहुण्याने मागितला होता, आता यजमान वापरतात.

१८९६ च्या प्लेगमध्ये लाखो लोक शहर सोडून गेले आणि परत आले. २०२० च्या टाळेबंदीत तेच पुन्हा घडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तरी धंदे शहर सोडून गेले नाहीत. याला ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणण्याची रीत आहे. हा शब्द सोयीचा आहे, खरा नाही. दुसऱ्या दिवशी कामावर न गेल्यास रोज बुडतो, हे त्यातले मुख्य कारण. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण शहर बसले नाही, कारण बँका, विमा, चित्रपट, बंदर, औषधनिर्मिती हे सगळे शेजारीच होते. वैविध्याने शहराला वाचवले. कामगाराला नाही : साचा चालवण्याचे कसब शेअर बाजारात चालत नाही. लोअर परळला गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलच्या दारात त्याचा मुलगा सुरक्षारक्षकाच्या कपड्यात दिसू लागला.

आकर्षणाची किंमत जागेच्या भावात मोजली जाते. पूर्वी ती पागडीत (भाड्याच्या घरासाठी आगाऊ मोजायच्या मोठ्या रकमेत) द्यावी लागे, आता गृहकर्जाच्या हप्त्यात. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. म्हणजे ओढ मुंबईची, घर कल्याण–बदलापूरला किंवा विरारला. मधले अंतर लोकलने भरून काढायचे. कोविडपूर्वी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी ते भरत होते. कंपन्यांनीही हेच केले. १९७० पासून सिडकोने उभारलेली नवी मुंबई हा गर्दी वाटून घेण्याचा सरकारी प्रयत्न होता. वांद्रे–कुर्ला संकुलाने नरिमन पॉइंटच्या कचेऱ्या उत्तरेला खेचल्या.

हिऱ्याचा व्यापार बराच काळ ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत होता. २०१० मध्ये तो वांद्रे–कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये गेला. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेत चार हजारांहून अधिक कचेऱ्यांचा नवा हिरे बाजार उघडला. जागा स्वस्त, इमारत भव्य, पैलू पाडणारे कारागीर तिथलेच. शिवाय बहुतेक व्यापाऱ्यांचे मूळ गाव गुजरातेतच. तरी कचेऱ्या अपेक्षेप्रमाणे भरल्या नाहीत. परदेशी गिऱ्हाईक, त्याचे विमान, बँक, सीमाशुल्काची खिडकी, नजरेने हिरा पारखणारा दलाल आणि मुलांची शाळा हे एकत्र उचलून नेता येत नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वी गुजरातेकडून मुंबईला येताना व्यापाऱ्यांनी अटी घातल्या होत्या. या वेळी उलट वाटेने जायला सवलती मिळत असूनही बरेच जण हिऱ्याची पुडी आंगडियाच्या हाती देऊन मुंबईतच बसून राहिले.