घरातल्या बोलण्याचा स्वर आणि उलटणारा आजार

गेल्या महिन्यात आमच्या निपाणीतल्या एका व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर फिरत होता. भारतीय कुटुंबव्यवस्थेत मनोरुग्ण औषधाशिवाय बरा होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने सिद्ध केले आहे, असा त्याचा आशय होता. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी, ज्यांचा मुलगा एके काळी माझ्या वर्गात होता, तो मजकूर मोबाइलवर घेऊन घरी आल्या आणि त्यांनी विचारले, "सर, खरं असंल तर गोळ्या बंद करू काय?" मुलाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले आहे. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे. तो मजकूर पूर्णपणे खोटा असता तर मला एवढी काळजी वाटली नसती, पण त्याच्या मुळाशी एक खरे संशोधन आहे, आणि अर्धे खरे असलेल्या गोष्टीवर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे मराठी पुस्तकांतली छिन्नमनस्कता, म्हटले की कानात आवाज येणे आणि नसता संशय घेणे ही लक्षणे आपल्याला आठवतात. ती ठळक असल्यामुळे घरचे त्यांना आजार म्हणून ओळखतात. मात्र या आजाराची दुसरी बाजू मूक असते. माणूस अंघोळ टाळतो, बोलणे कमी करतो, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो आणि कशातच त्याचे मन लागत नाही. यांना उणे लक्षणे म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा आजार दिसत नाही, आळस दिसतो, आणि पुढची सगळी हकिकत या गैरसमजाभोवती फिरते.

१९५२ साली पॅरिसमध्ये ज्याँ दले आणि पिएर दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरले आणि पुढच्या काही वर्षांत युरोपातल्या मनोरुग्णालयांचे स्वरूप बदलले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे घरी जाण्याइतकी सावरू लागली. घरी गेलेल्यांपैकी काही जण मात्र पुन्हा पुन्हा दाखल होत होते आणि काही जण होत नव्हते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस याचा माग काढला, तेव्हा त्याला एक अनपेक्षित गोष्ट आढळली. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्या पुरुषांचा आजार, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक वेळा उलटत होता. सर्वात जवळच्या माणसांच्या सहवासात आजार का उलटावा, या प्रश्नातून मानसोपचारातले मला सर्वात आवडणारे मोजमाप जन्माला आले. त्याला एक्सप्रेस्ड इमोशन म्हणतात. मराठीत व्यक्त भावना म्हणता येईल.

हे मोजमाप कसे करतात ते सविस्तर सांगतो, कारण सारी गंमत त्या पद्धतीत आहे. रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकाशी एकट्याने दीर्घ मुलाखत होते आणि ती ध्वनिमुद्रित केली जाते. गेल्या तीन महिन्यांत घरात काय घडले, कोण किती वाजता उठते, भांडण कशावरून झाले, असे साधे प्रश्न त्यात असतात. नंतर प्रशिक्षित निरीक्षक ते ध्वनिमुद्रण ऐकून पाच गोष्टींची नोंद करतो: टीकेचे शेरे, वैरभाव, भावनिक अतिगुंतवणूक (म्हणजे रुग्णाची गरजेपेक्षा जास्त काळजी वाहणे), आस्था आणि कौतुक. यात शब्दांइतकेच महत्त्व स्वराला असते. आवाजाचा चढउतार, वेग आणि शेवटच्या शब्दावरचा जोर यांवरून शेरा टीकेचा आहे की नाही हे ठरते. आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. "दहा वाजल्यात, अजून झोपायलास काय?" हे वाक्य हळू, काळजीने विचारले तर ती चौकशी होते आणि निरीक्षक काहीच नोंदवत नाही. तेच वाक्य "अजून" वर जोर देऊन, भांडी आपटता आपटता म्हटले तर तो एक शेरा होतो. "हा जन्मजात आळशी, याच्यानं काही व्हायचं नाही" असे म्हटले, तर नाराजी एखाद्या कृतीपुरती उरत नाही, अख्ख्या माणसाविषयी होते, आणि मग ती वैरभावाच्या खात्यात जाते.

अशा रीतीने तपासलेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास ब्राऊन, बर्ली आणि विंग यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. ज्या घरांत व्यक्त भावनेची पातळी उच्च होती, म्हणजे टीका, वैरभाव किंवा अतिगुंतवणूक जास्त होती, तिथल्या ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. निम्न पातळीच्या घरांत हे प्रमाण १६ टक्के होते. १९७६ साली क्रिस्टिन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी आपले रुग्ण आधीच्या अभ्यासातल्या रुग्णांशी जोडून १२८ जणांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले: रुग्ण आणि तो नातेवाईक आठवड्यात ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर असतात का, आणि रुग्ण औषध नियमित घेतो का?

पुढचे आकडे सावकाश वाचावेत. टीकेच्या, म्हणजे उच्च पातळीच्या घरात, ३५ तासांहून जास्त सहवासात, औषधाशिवाय राहणाऱ्यांपैकी ९२ टक्के जणांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. तेच घर आणि तेवढाच सहवास, पण औषध चालू, असे असेल तर प्रमाण ५३ टक्क्यांवर येते. टीकेचे घर पण सहवास कमी, असे असेल तर औषधाशिवाय ४२ टक्के आणि औषधासह १५ टक्के. शांत स्वराच्या, म्हणजे निम्न पातळीच्या घरात औषधाशिवाय १५ टक्के आणि औषधासह १२ टक्के. या शेवटच्या जोडीकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की मग चांगल्या घरात औषध नकोच. लेफ आणि वॉन यांनी त्याच रुग्णांचा पुढे दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा शांत घरांतही औषध घेणाऱ्यांचे संरक्षण स्पष्ट दिसू लागले. नऊ महिन्यांची मुदत त्यासाठी अपुरी होती.

स्वर माणसाच्या शरीरात नेमके काय करतो, यावरही प्रयोग झाले आहेत. १९७९ सालच्या एका प्रयोगात रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली गेली. मनावर ताण आला की तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि ही वाहकता बदलते. लाय-डिटेक्टरमध्येही हेच तत्त्व वापरतात. आधी रुग्ण नातेवाइकाशिवाय बसला होता आणि परक्या माणसांमुळे त्याचा ताण वाढलेला होता. मग नातेवाईक खोलीत आला. शांत स्वराचा नातेवाईक आल्यावर वाहकतेतले चढउतार कमी होत गेले आणि टीका करणारा नातेवाईक आल्यावर ते तसेच चढे राहिले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून एका माणसाचे नुसते खोलीत येऊन बसणे दुसऱ्याच्या शरीराला विसावा देऊ शकते, हे मोजून दाखवता आले. पुढे जिल हूली यांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या व्यक्तींना त्यांच्याच आईने केलेल्या टीकेचे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि त्या वेळी मेंदूचे चित्रण केले. निरोगी व्यक्तींमध्ये कपाळामागचा, भावनांना आवर घालणारा भाग त्या क्षणी कामाला लागला. नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये तो तसा कामाला लागला नाही, आणि वरवर पाहता त्या व्यक्ती पूर्ण बऱ्या झालेल्या होत्या.

इथे एक इशारा द्यायला हवा. १९४८ साली एका नामांकित मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनियाचे खापर आईच्या वागण्यावर फोडणारी संज्ञा रूढ केली आणि त्यानंतर कित्येक आयांनी विनाकारण अपराधीपणा सोसला. व्यक्त भावनेचे संशोधन असे काही म्हणत नाही. आजार कशामुळे होतो हा त्याचा विषय नाही. झालेला आजार पुन्हा का उलटतो, एवढाच त्याचा विषय आहे. शिवाय टीका ही बहुतेक वेळा थकव्यातून येते. नातेवाईक भ्रमांवर फारशी टीका करत नाहीत, कारण तो आजार आहे हे त्यांना कळते. टीका होते ती न उठण्यावर, न बोलण्यावर, काम न करण्यावर, म्हणजे त्या मूक लक्षणांवर. मूक लक्षणांची माहिती दिली की टीका कमी होते, आणि कुटुंबाला शिक्षण व आधार देणाऱ्या कार्यक्रमांनी आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे पुढच्या अनेक चाचण्यांत दिसले आहे.

आता त्या मजकुराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांतल्या १,२०२ रुग्णांचा अभ्यास सुरू केला. त्यात आग्रा हे एक केंद्र होते. नंतरच्या मोठ्या अभ्यासात चंडीगडही आले. दोन्हींत भारत आणि नायजेरियासारख्या देशांतल्या रुग्णांची प्रगती श्रीमंत देशांतल्यांपेक्षा चांगली दिसली. डॉ. नरेंद्रनाथ विग आणि लेफ यांनी चंडीगड परिसरात व्यक्त भावना मोजली, तेव्हा फक्त २३ टक्के नातेवाईक उच्च पातळीचे निघाले. लंडनमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्या कुटुंबांत काही बळ आहे, हे खरे आहे. मात्र या अभ्यासांतले रुग्ण उपचार केंद्रांमार्फतच अभ्यासात आले होते आणि औषधाविना बरे होण्याचा दावा त्यांत कुठेही नाही. शिवाय २००८ साली ॲलेक्स कोहेन, विक्रम पटेल, चेन्नईच्या आर. थारा आणि ओये गुरेजे यांनी ११ देशांतले २३ अभ्यास एकत्र पाहून दाखवले की गरीब देशांत परिणाम नेहमी चांगलेच असतात हे गृहीतक टिकत नाही. औषधाचे म्हणाल, तर २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. त्यानुसार औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला आणि औषध थांबवून निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचा.

आपल्या सीमाभागात घरातल्या या स्वराला लोकलाजेची धार येते. मराठीत खुळा, कन्नडात हुच्च, आणि दोन्ही भाषांत "धारवाडला न्यायला पायजे" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) एवढे म्हटले की समजते. शब्द भाषेपरत्वे बदलतो, भीती एकच असते. घरात एक रुग्ण आहे हे कळले तर बहिणीचे स्थळ फिरेल, या धास्तीने लोक आपल्या गावच्या डॉक्टरकडे जात नाहीत. निपाणी-चिकोडीकडचे कोल्हापूर किंवा मिरज गाठतात आणि पलीकडच्या चंदगडचे बेळगावला येतात, कारण ओळखीचे कोणी भेटू नये. लपवण्यासाठी निवडलेला हा लांबचा रस्ता पुढे बसभाडे, बुडालेली मजुरी आणि चुकलेली तारीख यांच्या रूपाने फेडावा लागतो; दोन तारखा चुकल्या की गोळ्या संपतात. भाषेचाही अडसर आहे. खानापूरच्या आतल्या गावातल्या म्हातारीला कन्नडातून किंवा इंग्रजीतून सांगितलेला गोळ्यांचा क्रम निम्माच समजतो, आणि मन कसे आहे हे तर माणसाला आपल्या बोलीतच सांगता येते.

लपवाछपवीत आधी देवर्षी येतो, डॉक्टर नंतर. करणी, भानामती, बाहेरचे, असे म्हटले की दोष दुसऱ्यावर जातो आणि घराण्याचे नाव वाचते, हे मी समजू शकतो. पण त्यात वर्षे जातात, आणि उपचार जितका उशिरा सुरू होतो तितके सुधारणे अवघड होते. एक अभ्यास मात्र आवर्जून सांगावासा वाटतो. तामिळनाडूतल्या एका मंदिरात मुक्कामाला राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या लक्षणांची तीव्रता सुमारे २० टक्क्यांनी घटलेली दिसली. तिथे त्यांच्यावर कोणतेही खास विधी होत नव्हते. त्यांना निवारा होता, हलके काम होते आणि कोणी हिणवत नव्हते. अंगारा आणि मंत्र बाजूला काढल्यावर जे उरते, ते वर सांगितलेल्या शांत स्वराच्या घरासारखेच आहे. याच्या उलट टोकाला तामिळनाडूतलेच एरवाडी आहे, जिथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत मेले. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे.

कलंक हटवणे औषध देण्यापेक्षा अवघड आहे, याचा पुरावा आपल्या शेजारच्याच मुलखातून मिळतो. सातारा, गोवा आणि तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण दिलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते घरी जाऊन मदत करत होते. लक्षणे आणि परावलंबन माफक प्रमाणात कमी झाले, पण कलंक आणि भेदभावाच्या अनुभवात फरक पडला नाही.

घराजवळ उपचार मिळावा, ही कल्पना कर्नाटकाला नवी नाही. जिल्हा पातळीवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा देशातला पहिला नमुना १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यातच उभा राहिला. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत तालुका रुग्णालयात मंगळवारी मानसोपचार तज्ज्ञ येण्याची सोय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत बोलता येते, आणि त्यासाठी कोणाच्या नजरेसमोरून जावे लागत नाही.

हे सगळे मी वहिनींना माझ्या परीने सांगितले आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका, असे बजावले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारले, "मग मी त्याला काय बोलूच नको काय?" मला हा प्रश्न संशोधकांच्या कोणत्याही प्रश्नाइतकाच नेमका वाटला. न बोलणे म्हणजे शांत स्वर नव्हे. त्या मोजमापात आस्था आणि कौतुक यांचीही नोंद होते. एका वेळी एकच लहान काम सांगावे, ते झाले की झाले म्हणावे, आणि दोघांनाही एकमेकांपासून रोज थोडी मोकळीक मिळावी, एवढे मी सांगू शकलो. गेले तीन आठवडे संध्याकाळचे दूध डेअरीत घालायला तोच जातो. वाटेत तो पुलावर थोडा वेळ बसतो आणि परत यायला त्याला दीड तास लागतो. सुरुवातीला वहिनी दारात उभ्या राहून वाट पाहत असत; परवा मी गेलो तेव्हा त्या आत निवांत शेंगा फोडत बसल्या होत्या.